टरफलं, चुडतं आणि कोळशाचा डोंगर

काजूचं टरफल चुलीत टाकलंय कधी? मे महिन्यात आजोळी मालवण-वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. निखाऱ्यावर काजी पडल्या की आधी नुसतं चुरचुरतं. मग टरफलातून तेल सुटतं आणि फर्रकन अशी ज्वाळ उठते की बघणारा दोन पावलं मागे! तेवढ्यात घरातलं कुणीतरी मोठं माणूस ओरडतंच, "मागे सरा रे, त्याल उडात अंगार!" आणि ते ओरडतात ते बरोबरच. ते तेल अंगावर उडालं तर टरटरून फोड येतो आणि डाग कितीतरी दिवस जात नाही.

पण दोस्तांनो, आज आपल्याला त्या फोडाविषयी बोलायचं नाही, त्या ज्वाळेविषयी बोलायचंय. एवढी आग ज्या टरफलात आहे ते आपण उकिरड्यावर का टाकतो? त्याच्यावर वीज नाही का करता येणार?

येते की! आणि नुसत्या टरफलावरच कशाला, भाताच्या पेंढ्यावर, तुसावर, कपाशीच्या काड्यांवर, उसाच्या चिपाडांवरसुद्धा येते. शेतातला हा माल कोळशात थोडा थोडा मिसळून वीज केंद्रात जाळायचा, असं आपल्या देशात सुरूही झालंय. दिल्लीजवळच्या दादरीच्या केंद्रात २०१७ साली तो प्रयोग झाला. २०२१ मध्ये केंद्र सरकारने यासाठी 'समर्थ' नावाचं एक राष्ट्रीय अभियानच काढलं. ऐकायला किती छान वाटतं, नाही? कचरा गेला, धूर गेला, कोळसा वाचला, शेतकऱ्याला पैसे मिळाले. एका दगडात चार पक्षी!

पण चार पक्षी पडले असं कुणी म्हणालं की आपण आधी दगड बघायचा. आज तेच करू. पाटी-पेन्सिल जवळ ठेवा, हिशोब करायचा आहे.

आधी वीज केंद्रात काय होतं ते पाहू. नावं मोठमोठी असली तरी आत आहे चूल, चहाचं आधण आणि सायकलचा डायनॅमो, एवढंच. कोळसा जाळायचा, त्यावर पाण्याची वाफ करायची, त्या वाफेच्या झोताने एक पंखा फिरवायचा आणि पंख्याला जोडलेल्या जनित्रातून वीज काढायची. हा पंखा मिनिटाला ३००० फेरे मारतो. मात्र ही चूल आपल्या चुलीसारखी नसते. तिच्यात कोळशाचे तुकडे टाकत नाहीत. आधी मोठ्या गिरणीत कोळसा दळतात, पिठासारखा बारीक. मग गरम हवेच्या झोताबरोबर ते पीठ भट्टीत फुंकतात. ते हवेत तरंगता तरंगताच जळून जातं.

आता या गिरणीत कोळशाबरोबर पेंढा टाकला तर? कोळसा कडक, ठिसूळ. आपटला की फुटतो. पेंढा चिवट. तो फुटत नाही, पिंजतो. मिक्सरमध्ये गवत घालून बघा म्हणजे कळेल. (नको, नको! बघू नका. आईचा ओरडा तुम्ही खाल आणि पत्र मला येईल.) पिंजलेला भुसा गिरणीत साचून राहतो आणि आतल्या गरम हवेने तिथल्या तिथे पेट घेऊ शकतो.

म्हणून पेंढा तसाच नेत नाहीत. तो वाळवतात, बारीक करतात आणि यंत्रात प्रचंड दाबून त्याच्या बोटाएवढ्या कांड्या पाडतात. गुरांची कांडी-पेंड पाहिली आहे ना? अगदी तशाच. गंमत म्हणजे यात डिंक, खळ असलं काही घालावं लागत नाही. वनस्पतीत लिग्निन नावाचा पदार्थ असतो. लाकडाला लाकूडपण येतं ते त्याच्यामुळे. दाबाने कांडी तापली की हे लिग्निन मऊ होतं, आणि गार झालं की सगळं घट्ट चिकटवून टाकतं. सुटा पेंढा एक घनमीटर घेतला तर जेमतेम शंभर किलो भरतो. कांड्या केल्या की तेवढ्याच जागेत सहाशे किलोंहून जास्त माल मावतो. याहून पुढची पायरी म्हणजे कांड्या भाजायच्या. हवा अगदी कमी ठेवून अडीचशे-तीनशे अंशांवर त्या भाजल्या, की कॉफीच्या बियांसारख्या काळपट आणि ठिसूळ होतात. मग त्या कोळशासारख्या छान दळल्या जातात. न भाजलेल्या कांड्या साधारण दहा टक्क्यांपर्यंत मिसळता येतात. त्यापुढे जायचं तर भाजलेल्या बऱ्या.

अजून एक भानगड आहे. भाताची पात हातावरून उलटी ओढली तर चरचरून कापते. का? कारण भात जमिनीतून सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते द्रव्य, शोषून घेतो. म्हणून पेंढ्याची राख खूप पडते. शिवाय पेंढ्यात पोटॅशियम आणि क्लोरीन असतं. त्यामुळे ही राख कमी उष्णतेलाच मऊ पडते आणि बॉयलरच्या नळ्यांना गुळाच्या पाकासारखी चिकटून बसते. नळीवर राखेचा थर बसला की आतल्या पाण्याला आच कमी लागते, आणि क्लोरीनमुळे नळी गंजते ते वेगळंच. डेन्मार्क देशात ऑरहूस शहराजवळ स्टुडस्ट्रुप नावाचं केंद्र आहे. तिथे १९९० च्या दशकात कोळशाबरोबर पेंढा जाळून नेमका याचाच अभ्यास केला गेला. पेंढ्याचं प्रमाण बेताचं ठेवलं तर नळ्या सांभाळता येतात, असं तिथे दिसून आलं. थोडक्यात, जेवणात लोणचं असावं तेवढाच पेंढा!

"पण पेंढा जाळला तरी धूर होणारच ना? मग कोळशाने काय घोडं मारलंय?" असं तुमच्यातल्या चौकस मंडळींना वाटलं असेल. शंका रास्त आहे. पेंढा जाळला की त्यातूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. फरक आहे तो उधारीच्या मुदतीत. आषाढात लावणी झाली, भात वाढला, तेव्हा त्याने हवेतला कार्बन उसना घेतला. दिवाळीनंतर पेंढा जाळला तर तोच परत केला. चार-सहा महिन्यांचा व्यवहार. आपल्याकडच्या दगडी कोळशाने हा कार्बन घेतला तो पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी! तेव्हाची झाडं गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला आणि तो कार्बन जमिनीत कुलूपबंद राहिला. ते कुलूप आपण गेल्या दोन-अडीचशे वर्षांत फोडलं. हवेत भर पडते आहे ती त्याची.

आता काढा पाटी.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कोळशावर चालणारं वीज केंद्र नाही. आपल्याला जवळचं म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं जयगडचं, १२०० मेगावॅटचं. त्याचा कोळसा परदेशातून जहाजाने येतो. समजा, ते चोवीस तास पूर्ण ताकदीने चाललं. १२०० मेगावॅट म्हणजे तासाला बारा लाख युनिट. गुणिले चोवीस. दिवसाला दोन कोटी अठ्ठ्याऐंशी लाख युनिट झाली. चांगला कोळसा असेल तर एका युनिटला सुमारे अर्धा किलो लागतो. म्हणजे दिवसाला १४,४०० टन कोळसा! त्यात पाच टक्के पेंढ्याच्या कांड्या घालायच्या ठरवल्या तर रोज ७२० टन. दहा टनांचा एक ट्रक धरला तर रोज बहात्तर ट्रक. गणपतीतसुद्धा, शिमग्यातसुद्धा.

वर्षाचे झाले दोन लाख साठ हजार टनांच्या वर. आता एका हेक्टरात, म्हणजे शंभर गुंठ्यांत, आपल्याकडे ढोबळ मानाने चार टन पेंढा निघतो असं धरू. भागाकार करा. पासष्ट हजार हेक्टर! सिंधुदुर्गातली सगळी भातशेती एकत्र केली तरी याच आसपास भरेल. म्हणजे कणकवलीपासून दोडामार्गापर्यंत प्रत्येक कुणग्यातला पेंढा झाडून नेला, एकाही उडवीला काडी ठेवली नाही, तर एका केंद्राच्या कोळशातले पाच टक्के भरून निघतील. उरलेले पंचाण्णव टक्के कोळसा तो कोळसाच.

आणि आपला पेंढा रिकामा बसलाय का? पावसाळ्यात गुरं काय खातात? हापूसच्या अढीत काय घालतात? आंब्याच्या पेटीत तळाला काय असतं? आपल्याकडे भात विळ्याने बुडापासून कापतात, झोडतात आणि पेंढा नीट रचून ठेवतात. कारण तो हवा असतो. तोच पेंढा ट्रकात भरून दोनशे किलोमीटरवरच्या जयगडला पाठवला, तर उद्या मालवणातल्या गाईसाठी पेंढा कुठून तरी विकत आणावा लागेल. आता सांगा, हा कचरा म्हणायचा का?

नारळाचंही तसंच. सोडणाचा काथ्या होतो, करवंटीचा कोळसा होतो, चुडतं विणून मांडवावर चढतात, हिरांची केरसुणी होते आणि त्यातूनही जे उरतं ते न्हाणीघराच्या चुलीत जातं. कोकणातल्या आजीला 'टाकाऊ' हा शब्द फारसा ठाऊकच नसतो.

ज्या टरफलापासून आपण सुरुवात केली त्याचं काय? शंभर किलो काजूबिया फोडल्या की सत्तर किलोंच्या आसपास टरफल निघतं, म्हणजे काजूच्या कारखान्यात गरापेक्षा टरफलाचाच ढीग मोठा. पण तिथेही बिया वाफवायला बॉयलर लागतो आणि अनेक ठिकाणी त्यात टरफलंच जाळतात. काही ठिकाणी टरफलं घाण्यात घालून तेल काढतात. ते रंगात, वार्निशमध्ये आणि गाड्यांच्या ब्रेकच्या सामानातही जातं. तेल काढून उरलेला चोथाही जळण म्हणून विकला जातो. जिथे निघालं तिथेच वापरलं, ट्रक नाही, डिझेल नाही. याला मी हुशारी म्हणेन. त्याचा धूर मात्र झोंबरा असतो. चिमणी आखूड असली तर शेजाऱ्यांचे डोळे चुरचुरतात, हे काजूच्या कारखान्याजवळ राहणारे वाचक मला नक्की कळवतील!

हुशारीचं आणखी मोठं उदाहरण घाटावर आहे. वैभववाडी तालुक्यातला ऊस घाट चढून गगनबावड्याकडच्या साखर कारखान्यात जातो, हे तिकडच्या मुलांना माहीत असेल. उसाच्या मोळ्यांनी भरलेल्या गाड्या तुम्हीही पाहिल्या असतील. शंभर टन ऊस गाळला की जवळजवळ तीस टन चिपाड उरतं. त्याला कारखान्यात 'बगॅस' म्हणतात. साखर कारखान्याचा बॉयलर चालतो तो या बगॅसवर. महाराष्ट्रातले कितीतरी कारखाने त्यावर स्वतःची वीज करतात आणि उरलेली विकतात. इथे चिपाड आणायला वेगळा ट्रक लागला का? नाही. ते उसाच्या पाठीवर बसून फुकटच आलं.

म्हणजे मुद्दा आहे तो अंतराचा आणि गरजेचा. जो माल कुणालाच नको आहे आणि केंद्राच्या दाराशीच पडलेला आहे, तो खुशाल जाळा.

असा माल आहे का कुठे? आहे. पंजाब-हरियाणात भाताची कापणी यंत्राने होते, बुंधे उभे राहतात आणि गव्हाच्या पेरणीला मध्ये जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. म्हणून शेतकरी ते शेतातच पेटवून देतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिल्लीची मुलं खोकतात त्याला हेही एक कारण आहे. तो पेंढा केंद्रात गेला तर निदान त्याची वीज तरी होईल, आणि केंद्रात राख पकडणारी यंत्रं असतात, शेतात नसतात.

आणि इतक्या लांब तरी कशाला? आपला विदर्भ घ्या. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उभ्या राहतात. त्या काढाव्याच लागतात, कारण गुलाबी बोंडअळी उरल्यासुरल्या बोंडांत दडून बसते आणि पुढच्या हंगामात पुन्हा येते. २०१७ साली या अळीने विदर्भात काय हाहाकार केला होता ते घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. थोड्या पऱ्हाट्या चुलीत जातात, बाकीच्या बांधावर पेटवतात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांच्या कांड्या कशा करायच्या, फळ्या कशा करायच्या, यावर बरंच काम केलं आहे. आणि आता नकाशा उघडा. कोराडी, खापरखेडा, मौदा, चंद्रपूर, महाराष्ट्रातली मोठमोठी कोळशाची केंद्रं कुठे आहेत? ऐन विदर्भात! कापूस तिथे, भंडाऱ्याचा भात तिथे, केंद्रंही तिथेच. मौद्याच्या केंद्रात अशा कांड्या जाळून झाल्याही आहेत. तेव्हा माझं मत विचाराल तर पऱ्हाट्या जरूर न्या, आमच्या गाईचा पेंढा मात्र राहू द्या.

हे वाटतं तितकं सोपं नाही, हे सरकारलाही कळलं. केंद्रांनी पाच टक्के कांड्या मिसळायच्या हा नियम २०२१ साली झाला आणि त्याला वर्षाची मुदत दिली गेली. पण कांड्या करणारे कारखाने पुरेसे नव्हते आणि पेंढा गोळा करून साठवायची सोय नव्हती. शेवटी २०२३ मध्ये नियम बदलावा लागला आणि पाच टक्क्यांची मुदत २०२४-२५ या वर्षावर गेली.

जास्तीची हाव धरली तर काय होतं तेही बघा. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यात ड्रॅक्स नावाचं एक प्रचंड केंद्र आहे. त्यांनी आधी कोळशात लाकडाच्या कांड्या मिसळल्या, मग एकेक बॉयलर पूर्ण कांड्यांवर नेला. २०२१ मध्ये कोळशावर वीज विकणं थांबवलं. शाबासकी द्यावीशी वाटते ना? पण एवढ्या कांड्या आणणार कुठून? त्या येतात मुख्यतः अमेरिकेतून, अटलांटिक महासागर ओलांडून, जहाजाने! लाकूड आहे, म्हणजे नुसती पिकाची काडी नव्हे. पेंढ्याची उधारी सहा महिन्यांत फिटते, तोडलेलं झाड पुन्हा तेवढं व्हायला कित्येक वर्षं जातात. म्हणून तिथे अजून कडाक्याचे वाद चालू आहेत.

आपल्याकडेही हल्ली वीज केंद्रांसाठी बांबू लावा असं बोललं जातं. पडीक जमिनीवर लावलात तर लावा बापडे. पण सिंधुदुर्गातला माणगा बांबू चांगला भरीव, सरळ. कुडाळला २००४ पासून चालणाऱ्या 'कॉनबॅक' या संस्थेने त्याची घरं, खुर्च्या, टेबलं करून दाखवली आहेत. असला बांबू भट्टीत घालणं म्हणजे चंदनाची धुणी पेटवण्यासारखं! खुर्ची करताना उरलेले तुकडे आणि भुसा जाळा की.

तुमच्या आईबाबांना एक गोष्ट विचारा. २००६ च्या सुमारास आपल्याच देवगड तालुक्यात, विजयदुर्गाशेजारच्या गिर्ये गावी, ४००० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र आणायचं ठरत होतं. नंतर मुणगे गावाचंही नाव पुढे आलं. आंबा बागायतदार म्हणाले, राखेने आणि धुराने आमचा मोहोर जाईल. मच्छीमार म्हणाले, केंद्रातलं गरम पाणी समुद्रात सुटलं तर मासळी दूर जाईल. खूप विरोध झाला आणि ते केंद्र काही उभं राहिलं नाही. समजा, तेव्हा कुणी म्हणालं असतं, "काळजी करू नका, आम्ही पाच टक्के पेंढा मिसळू", तर? मघाच्याच रीतीने हिशोब करा. ४००० मेगावॅटला दिवसाला ४८,००० टन कोळसा. पाच टक्के वजा केले तरी राहतात ४५,६०० टन. रोजचे! म्हणून कुणी 'आमचं केंद्र हिरवं' असं सांगू लागला तर त्याला पहिला प्रश्न हा विचारायचा, बाकीचे पंचाण्णव टक्के काय जाळता?

दुसऱ्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. आपल्या दारात केंद्र नाही म्हणून आपला हात कोळशाने काळा नाही असं नाही. वीज सगळी एकाच जाळ्यातून येते. २०२४ साली भारतात जेवढी वीज झाली तिच्यातली सत्तर टक्क्यांहून अधिक कोळशावरची होती. मालवणच्या धक्क्यावरचा बर्फ गोठतो त्यात चंद्रपूरच्या धुराचाही वाटा असतो. चंद्रपूरच्या मुलांना तो धूर नाकातोंडात जाताना दिसतो, आपल्याला दिसत नाही, एवढंच. तिथला पाच टक्के कोळसा कमी झाला आणि शेतातली आगही थांबली, तर त्या मुलांच्या दृष्टीने ते थोडं नाही.

आता या आठवड्याचा उद्योग. एक ओलं सोडण, एक मूठ हिरवं गवत आणि एक मूठ वाळका पेंढा घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानदारकाकांकडे तिन्हींचं वजन करा आणि वहीत लिहा. मग तिन्ही वस्तू आठ दिवस कडक उन्हात ठेवा. (पावसाची सर आली तर धावा!) पुन्हा वजन करा. कुठल्या वस्तूचं किती वजन उडालं? उडालं ते पाणी. ओलं जळण ट्रकात भरणारा माणूस खरं तर ट्रकभर पाणी नेत असतो, आणि चुलीत आधी ते पाणीच उकळावं लागतं. मग तुमच्या परसातल्या प्रत्येक 'कचऱ्या'समोर लिहा, सध्या तो कुठे जातो? गोठ्यात, चुलीत, खताच्या खड्ड्यात, की नुसताच पेटवला जातो? तरव्याच्या जागेवर राब भाजत असाल तर तेही लिहा, आणि का भाजता ते आजोबांना विचारून लिहा.

ज्याला घरात, वाडीत कुणाचीच मागणी नाही अशी एखादी वस्तू सापडली, तर तिच्याखाली लाल रेघ मारून वजनासकट मला कळवा. पत्ता नेहमीचाच. काजूच्या ओल्या टरफलांना मात्र हात लावायचा नाही. ती मोठ्या माणसाला उचलायला सांगा, तीही हाताला खोबरेल लावून.